सँड स्प्रिंग्ज १८६०: एका टपाल चौकीच्या प्रतिकृतीच्या नोंदी

१४ जून

आमच्या तिकीटसंग्राहक मंडळाने प्रदर्शनासाठी टेबल मंजूर केलं. चार फूट बाय अडीच फूट, वर काच, मागे उभा फलक. विषय मी आधीच मागून घेतला होता: अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटातली सँड स्प्रिंग्ज ही पोनी एक्स्प्रेसची, म्हणजे घोडेस्वारांकरवी टपाल नेणाऱ्या सेवेची, चौकी.

बैठकीत प्रश्न आलाच. तिकीटसंग्राहकांच्या प्रदर्शनात दगडमातीचं काम कशाला, पाकिटं मांडा की! मांडली असती. पण पोनी एक्स्प्रेसने गेलेली आणि आज शिल्लक असलेली ज्ञात पाकिटं जगभरात मिळून अडीचशेच्या आसपास. त्यातलं एखादं आमच्यापैकी कुणाच्या कपाटात असण्याची शक्यता शून्य. शिवाय त्यांच्यावर शिक्के दिसतात ते सेंट जोसेफ, सॅन फ्रान्सिस्को अशा गावांचे. रानातल्या चौकीवर घोडा बदलायचा, पत्राला हात लावायचा नाही. म्हणजे ज्या जागांच्या जोरावर पत्र पोहोचलं, त्यांची खूण पत्रावर उरतच नाही.

मी आर. एम. एस.मध्ये (रेल्वे टपाल सेवेत) रात्रपाळ्या काढल्या आहेत. पोस्टमनला दिवाळी मिळते, थैल्या फोडणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. त्यामुळे घोडेस्वारापेक्षा चौकीवाल्यांकडे माझा ओढा जास्त, हे इथेच लिहून ठेवते.

प्रमाण १:५०. माणूस साडेतीन सेंटिमीटरचा होईल.

२२ जून

मागच्या फलकासाठी नकाशा काढायला घेतला. ३ एप्रिल १८६० ला सेवा सुरू झाली. मिसुरीतल्या सेंट जोसेफपासून कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोपर्यंत सुमारे १,९०० मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटर. मुदत दहा दिवसांची. चालवणारी कंपनी रसेल, मेजर्स आणि वॉडेल या तिघा भागीदारांची. लष्कराचा माल गाड्यांतून वाहण्याचा त्यांचा मूळ धंदा. वाटेवर जवळजवळ १९० चौक्या. दर दहा-पंधरा मैलांना घोडा बदलायचा, पाऊणशे ते शंभर मैलांनी स्वार.

सगळ्या चौक्या दाखवल्या तर नकाशावर नुसती मुंग्यांची रांग दिसते. म्हणून फक्त नेवाडाचा पश्चिम भाग मोठा करून घेतला: कार्सन लेक, सँड स्प्रिंग्ज, कोल्ड स्प्रिंग्ज, स्मिथ्स क्रीक. ‘नेवाडा’ हा शब्दही फलकावर जपून वापरायला हवा. १८६० मध्ये हा मुलूख यूटा टेरिटरीत मोडत होता; टेरिटरी म्हणजे अजून राज्याचा दर्जा न मिळालेला प्रदेश. नेवाडा टेरिटरी झाली मार्च १८६१ मध्ये आणि राज्य १८६४ मध्ये.

वाट इथूनच का गेली याचं उत्तर जेम्स सिम्पसन या लष्करी सर्वेक्षकाकडे आहे. १८५९ मध्ये त्याने यूटातल्या कॅम्प फ्लॉइड या छावणीपासून आजच्या नेवाडातल्या जेनोआपर्यंत मधोमध जाणारी वाट आखली. उत्तरेच्या हम्बोल्ट नदीकाठच्या जुन्या वाटेपेक्षा ती दोनशेहून अधिक मैलांनी जवळची. फक्त त्या वाटेला नदीची सोबत होती आणि या वाटेला नाही. इथे एका झऱ्यापासून दुसऱ्या झऱ्यापर्यंत उड्या मारत जायचं. त्यामुळे चौकी कुठे बांधायची हे अंतरापेक्षा पाणीच ठरवत होतं. सँड स्प्रिंग्जला पाणी होतं. कसं होतं ते पुढे येईलच.

आजचा पत्ता सांगायचा तर फॅलन गावाच्या पूर्वेला सुमारे २५ मैल, यू. एस. ५० या महामार्गालगत. ‘लाइफ’ मासिकाने १९८६ मध्ये ज्याला अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता म्हटलं, तोच हा.

२९ जून

भिंती.

इथे जे. जी. केली नावाच्या माणसाची आठवण कामाला आली. तो पुढे कोल्ड स्प्रिंग्जला चौकीदाराचा मदतनीस होता. त्याआधी कार्सन सिंकची चौकी बांधणाऱ्या टोळीत होता. तिथे कच्च्या विटांसाठी चिखल अनवाणी पायांनी तुडवायचं काम त्याच्या वाट्याला आलं. तळ्याकाठची माती खारट, अल्कलीने भरलेली. आठवडाभर तुडवून सगळ्यांचे पाय सुजून भोपळे झाले. मग हीच टोळी सँड स्प्रिंग्ज आणि कोल्ड स्प्रिंग्जच्या गढ्या बांधायला गेली. पोनी एक्स्प्रेस म्हटलं की दौडणारा घोडा सगळे रंगवतात. सुजलेले पाय रंगवलेले मी अजून कुठे पाहिले नाहीत.

सँड स्प्रिंग्जला मात्र चिखल नाही, दगड. काळसर ज्वालामुखी दगड, चुना-माती न वापरता एकावर एक बसवलेले. कोकणात ज्याला गडगा म्हणतात तोच प्रकार. त्यामुळे प्रतिकृतीला दगड कुठला घ्यायचा यावर डोकं खाजवायची गरजच पडली नाही. आपलं सगळं घाट-पठार ज्वालामुखीच्याच दगडाचं. खडी क्रशरवरून बारीक चुरा चाळून आणला, वेगवेगळ्या मापांचे खडे वेगळे केले. सनबोर्डवर भिंतींचा आराखडा, त्याला दोन्ही बाजूंनी खडे. फेविकॉल लागतो, पण तो दिसता कामा नये. तेवढीच लबाडी.

आराखडा घेतला तो अवशेषांच्या छायाचित्रांवरून. चौकी कितीतरी वर्षं वाळूत गाडलेली होती. १९७० च्या दशकात नेवाडा विद्यापीठाच्या पुरातत्त्व पथकाने ती उकरून काढली. आज गेलं तर छप्पर नाही, पण खोल्या-आवाराच्या भिंती स्पष्ट दिसतात. शेजारच्या कोल्ड स्प्रिंग्जलाही अशीच रचना आहे, तिथे तर भिंतीत बंदुकीसाठी ठेवलेली भोकंही दिसतात. राहण्याची जागा आणि घोड्यांची जागा एकाच तटाच्या आत, एकमेकांना खेटून. माणसांच्या वाट्याला कोपरा, बाकी सगळं जनावरांना. ते बरोबरच होतं. धंदा घोड्यांचा होता.

३ जुलै

खडे चिकटवणं चालू. भाच्याने विचारलं, “मावशी, एवढे बारीक दगड कोण बघणार?” त्यालाही चिमटा देऊन बसवलं.

१३ जुलै

छप्पर घालायचं की नाही यावर काम अडलं होतं, ते सुटलं. सोडवलं रिचर्ड बर्टनने.

हा तोच बर्टन. मुंबई लष्करात अधिकारी होता, बडोदा आणि सिंधमध्ये राहिला, हिंदुस्थानी-गुजरातीबरोबर मराठीचीही परीक्षा पास झाला, गोव्यावर १८५१ मध्ये पुस्तक लिहिलं. १८६० मध्ये तो अमेरिका ओलांडत होता आणि १७ ऑक्टोबरच्या सुमारास सँड स्प्रिंग्जला पोहोचला. सिंधचं वाळवंट पाहिलेल्या माणसालाही ही जागा सहन झाली नाही. त्याने लिहून ठेवलं आहे ते असं: घराला छप्पर नाही, बसायला खुर्ची नाही, घाण माजलेली, कोपऱ्यात धुरकट आगटी, मधे एक टेबल, भिंतींतून चारी दिशांचा वारा आणि आत सगळीकडे धूळ. पाणी गंधकाच्या क्षारांनी दाट आणि शिळं, इतकं की हात धुतले तरी फोड यावेत. आसपास बारीक वाळूचे सरकते डोंगर.

प्रतिकृतीची तारीख त्यामुळे ठरली: ऑक्टोबर १८६०. छप्पर नाही. आगटी कोपऱ्यात, टेबल मधे. खुर्ची करायची नाही. माझ्यासारख्या सुतारकामात कच्च्या बाईला ही मोठीच सवलत.

बर्टन तुसडा होता, आयरिश लोकांविषयी तर जाता जाता टोमणा मारल्याशिवाय राहत नाही, हे धरूनच त्याचं वाचायला हवं. पण छप्पर आहे की नाही हे सांगताना तुसडेपणाचा संबंध येत नाही. आणि वैतागलेला पाहुणा घरातल्या वस्तू नीट मोजतो, हा माझा अनुभव आहे.

पाण्याचं काय करायचं? रेझिन ओतून चकचकीत निळं डबकं करायचा मोह होतो, दुकानात तसले संचही मिळतात. नको. पिवळट राखाडी, कडेला पांढरा क्षार. मीठ आणि फेविकॉल चालेल.

२१ जुलै

आज वाद झाला. भाच्याचं म्हणणं, घोडेस्वार नसेल तर लोक थांबणारच नाहीत. मंडळातल्या ज्येष्ठांचंही तेच. म्हणाले, “अहो, ताजमहाल दाखवताय आणि शहाजहान नाही!” मी म्हटलं, शहाजहान तिथे राहायचा नाही.

स्वार या चौकीत थांबायचा किती? घोडा बदलायला दोन मिनिटं दिलेली असत. उरलेला दिवस आणि रात्र तिथे असायचे ते चौकीदार आणि मोतद्दार. त्यांनी घोडा बाहेर काढून, जीन कसून, स्वार दिसण्याआधी तयार ठेवायचा. वाळवंटात चंदी पिकत नाही, ती गाड्यांवरून यायची आणि पुढच्या खेपेपर्यंत पुरवायची. नाल बघायचे, पाणी भरायचं, तेही हात पोळणारं. स्वारांची नावं, वयं, शर्यती यांवर लोक लिहीत राहिले. चौकीवाल्यांचं नाव बहुधा ते मेल्यावरच नोंदलं गेलं.

हॅसलमची गोष्ट यासाठी फलकावर घेते आहे. ‘पोनी बॉब’ हॅसलम हा या वाटेवरचा सगळ्यात गाजलेला स्वार. मे १८६० मध्ये बकलंड्स या चौकीत पुढच्या स्वाराने जायला नकार दिला, म्हणून हा तसाच पुढे स्मिथ्स क्रीकपर्यंत गेला आणि थोडी विश्रांती घेऊन परतही आला. जाऊन-येऊन ३८० मैल, असा त्याने नंतर सांगितलेला हिशेब. परत येताना कोल्ड स्प्रिंग्जची चौकी जळलेली, चौकीदार मेलेला, घोडे पळवलेले. थकलेल्या घोड्यावर तो सँड स्प्रिंग्जला पोहोचला. तिथे एकटा माणूस होता. हॅसलमने त्याला सांगितलं, इथे राहू नकोस, माझ्याबरोबर कार्सन सिंकला चल. तो गेला. कार्सन सिंकला पंधराएक माणसं चौकीत कोंडून घेऊन बसलेली होती. सगळ्या गोष्टीत मला रस आहे तो या एकट्या माणसात.

पण हे सगळं का पेटलं ते न लिहिता नुसती ‘हल्ल्या’ची गोष्ट सांगणं मला जमणार नाही. कॉमस्टॉक इथली चांदी १८५९ मध्ये सापडली आणि पाइउट या मूळ रहिवाशांच्या मुलखात हजारो माणसं घुसली. ज्यांच्या बियांवर ते हिवाळा काढत ती पाइनची झाडं तोडली गेली, गवत परक्या जनावरांनी खाल्लं. मग कार्सन नदीकाठच्या विल्यम्स स्टेशनवर दोन पाइउट मुलींना पळवून डांबून ठेवलं गेलं. मेच्या सुरुवातीला पाइउटांनी ते ठिकाण जाळलं, तिथली माणसं मारली. बदला घ्यायला निघालेल्या स्वयंसेवकांच्या फौजेचा १२ मेला पिरॅमिड लेकपाशी धुव्वा उडाला, त्यांचा म्होरक्या मेजर ऑर्म्सबी मारला गेला. युद्ध नको म्हणून शेवटपर्यंत सांगत राहिलेला नुमागा हाही पाइउटच होता, आणि लढायची वेळ आल्यावर पुढारपण त्यानेच केलं. वाटेवरच्या चौक्या जळाल्या, टपाल काही आठवडे बंद पडलं.

चौकी ज्या झऱ्यांवर बसली ते झरे आधी कुणाचे होते, ही ओळ फलकावर राहणार. जागा कमी पडली तर हॅसलमचे मैल कापीन.

आकृत्या ठरल्या. बर्टनने पाहिलं तेच: रिकामे, इकडेतिकडे रेंगाळणारे नोकर, आणि एक जण जमिनीवर पडलेला. घोडा छातीवर कोसळून जायबंदी झालेला, जगेल असं वाटत नव्हतं. भाच्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मग त्याला मी करतो.” तडजोड म्हणून बाहेर एक घोडा, जीन कसून तयार. स्वार अजून यायचा आहे.

२७ जुलै

वाळूचा डोंगर टेबलावर मावत नाही. सँड माउंटन सुमारे १८० मीटर उंच. १:५० ने तो ३.६ मीटर होईल, म्हणजे हॉलच्या छताबाहेर. फलकावर रंगवायचा. लाहोंटन नावाचं प्रचंड प्राचीन सरोवर आटलं, त्याच्या काठची वाळू वाऱ्याने इथे आणून टाकली. तिच्या घसरणीतून गुंजल्यासारखा आवाज निघतो म्हणतात. फॅलनच्या पाइउट-शोशोनी लोकांना हा डोंगर पवित्र. आज तिथे सुट्टीच्या दिवशी वाळूवर चालणाऱ्या गाड्या उडवायला गर्दी होते.

समुद्राची वाळू वापरून पाहिली. शिंपल्यांचे कण चमकतात. नदीची चाळून, धुऊन, वाळवून घेतली.

२ ऑगस्ट

मोचिला, म्हणजे जिनावर टाकायची टपालाची चामडी थैली. १:५० ला ती नखाएवढी होते, म्हणून एक खऱ्या मापाची करून बाजूला ठेवायची ठरवली. बॅगा शिवणाऱ्या काकांना चित्र दाखवलं. चामड्याचा एक मोठा चौकोनी तुकडा, मधे जिनाचा पुढचा खुंट वर येण्यासाठी भोक आणि मागच्या बाजूला चीर; तो जिनावर नुसता टाकायचा. चार कोपऱ्यांना चार कप्पे. तीन कुलूपबंद, टोकापर्यंत जाणाऱ्या पत्रांसाठी, चौथा वाटेतल्यांसाठी. स्वार तिच्यावरच बसायचा, म्हणजे ती पडायची भीती नाही. घोडा बदलताना ओढायची, दुसऱ्यावर फेकायची, की निघाले. काकांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाले, “बाई, यात बंद एकही नाही. डोकेबाज माणूस होता.” ज्याने दोन मिनिटांत घोडा बदलायचा, त्याच्यासाठीच शिवलेली वस्तू आहे ती. आमच्या वेळी थैल्यांच्या गाठी सोडण्यात जेवढा वेळ जायचा, त्यात इथे दुसरा घोडा नजरेआड झाला असता.

टपालाचं वजन वीस पौंडांपर्यंत, नऊ किलो. दर सुरुवातीला अर्ध्या औंसाला पाच डॉलर. चौदा ग्रॅमला! त्यामुळे पत्रं तलम पातळ कागदावर लिहिली जात, आणि लिहिणारे मुख्यतः वर्तमानपत्रं, पेढ्या, सरकार. घरच्या खुशालीसाठी ही सोय नव्हतीच. जुलै १८६१ पर्यंत दर एक डॉलरवर आला, तरी कंपनी तोट्यातच. मंडळींना आवडेल असा भाग: एप्रिल १८६१ मध्ये वेल्स फार्गो कंपनीने या सेवेसाठी दोन डॉलरचं लाल आणि चार डॉलरचं हिरवं तिकीट काढलं, दोन्हींवर दौडता घोडेस्वार. त्यांच्या मोठ्या केलेल्या प्रती लावू. स्वार हवा होता ना, तो तिकिटावर आहे.

१७ ऑगस्ट

“मग पुढे काय झालं?” या चौकटीसाठी मजकूर. हीच चौकट लिहायला सगळ्यात कठीण गेली, कारण पोनी एक्स्प्रेस पुरी दीड वर्षं चालली पण चौकी तिच्याबरोबर संपली नाही.

१८६१ च्या उन्हाळ्यात तारेचे खांब दोन्ही बाजूंनी पुढे सरकत होते आणि घोडे तारेच्या दोन टोकांमधली कमी कमी होत जाणारी फट भरत होते. २४ ऑक्टोबरला सॉल्ट लेक सिटीला तारा जुळल्या. २६ ऑक्टोबरला सेवा बंद झाल्याचं जाहीर झालं. वाटेत असलेली शेवटची पत्रं नोव्हेंबरात पोहोचली. तारेने बातमी नेली, पण पार्सलं, प्रवासी आणि माल कोण नेणार? घोडागाड्या चालू राहिल्या, सँड स्प्रिंग्जचं पाणी लागतच राहिलं. शेजारच्या खाजणातलं मीठ कॉमस्टॉकच्या चांदीच्या गिरण्यांना जाऊ लागलं. खनिजातून चांदी काढायला तिथे मीठ वापरत. १८६९ मध्ये रेल्वे पूर्ण झाली ती मात्र उत्तरेकडून, हम्बोल्टच्या जुन्या वाटेने. नदी असलेली वाट शेवटी जिंकली. सिम्पसनची वाट मोटारी येईपर्यंत ओस पडली. १९१३ नंतर लिंकन हायवे हा मोटाररस्ता याच बाजूने गेला.

आणि एक गोष्ट, जिच्यावरून आज पुन्हा खटका उडाला. २६ ऑक्टोबर १९६३ ला जवळच्या सँड स्प्रिंग्ज डोंगररांगेत, ग्रॅनाइटच्या पोटात, अमेरिकेने १२ किलोटनांचा अणुस्फोट केला. नाव प्रोजेक्ट शोल. जमिनीखालचा अणुस्फोट आणि भूकंप यांचे हादरे वेगळे ओळखता येतात का, हे तपासायचं होतं. भूकंपांचा भाग म्हणूनच तो निवडलेला. १६ डिसेंबर १९५४ ला फेअरव्ह्यू पीक आणि डिक्सी व्हॅली इथे काही मिनिटांच्या अंतराने दोन मोठे धक्के बसले होते. दोन्ही वेळी आपली चौकी वाळूखाली होती, गडग्याचे दगड एकमेकांवर ठेवलेले.

तारीख तीच, २६ ऑक्टोबर. निव्वळ योगायोग. सभासदांना तो ठळक अक्षरांत हवा आहे. मी प्रोजेक्ट शोल ठेवते आहे, कारण ओसाड समजलेल्या जागेवर पुढे काय काय लादलं जातं ते त्यातून कळतं. तारखांची जुळणी काढून टाकली. तिच्यातून काहीच कळत नाही.

२८ ऑगस्ट

काम बहुतेक झालं. वाळू टाकताना ती भिंतीच्या वाऱ्याकडच्या बाजूला थोडी चढवली, एका खोलीत आतही शिरवली. जायबंदी माणूस भाच्याने सुरेख केला आहे, अंगाखालची घोंगडीसुद्धा. आगटीचा धूर कापसाचा नको म्हटलं, भिंतीवर काजळी लावली.

ती प्रसिद्ध जाहिरात, ‘अठराच्या आतली, सडपातळ मुलं हवीत, रोज मरायची तयारी हवी, अनाथांना प्राधान्य’, तिघांनी वेगवेगळी मोबाइलवर पाठवली आणि फलकावर घ्या म्हणाले. घेत नाही. १८६०-६१ च्या कोणत्याही वर्तमानपत्रात ती छापलेली आजवर सापडलेली नाही. तिच्या जागी पाच डॉलर दराची चौकट वाढवली.

राहिलेलं: काचेचं माप द्यायचं. मोचिलाचे उरलेले दोन कप्पे काकांकडून आणायचे. नकाशावर ‘यूटा टेरिटरी’चं मुद्रित पुन्हा तपासायचं, छापखान्याने ‘युटाह’ केलं आहे. टेबल टेम्पोने नेताना खडे निखळतील, तेव्हा डबीभर जादा खडे, चिमटा आणि फेविकॉल बरोबर ठेवायचा.